रकाना नसलेला खर्च: एका उन्हाळी स्पॅनिश शिष्यवृत्तीचं प्रकरण

फेब्रुवारी २०१९ मधली दुपार. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ही मुलगी माझ्यासमोर स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन बसलेली. पत्रकाला इतक्या घड्या पडल्या होत्या की ते बरेच दिवस दप्तरात फिरत असणार. "मला इथं जायचंय, पण पैसे नाहीत," असं तिनं इंग्रजीत सांगितलं. मी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "घरी सांगितलंस?"

ती दचकली. मग मराठीतच म्हणाली, "नाही अजून. बाबा नाहीच म्हणणार."

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात, परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देणं हे माझं काम. वर्षाला शेकड्यानं मुलं येतात. मराठी बोलणारी क्वचितच. हे प्रकरण लिहिताना ओळख पटू नये म्हणून मी दोन-तीन विद्यार्थ्यांचे तपशील एकत्र गुंफले आहेत आणि आकडे गोळाबेरजेचे ठेवले आहेत. शिष्यवृत्त्यांचे नियम मात्र त्या वर्षी होते तसेच दिले आहेत.

घरची बाजू

अमेरिकेतलं मराठी घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संगणकवाला बाप आणि दोन गाड्यांचं गॅरेज येतं. हे घर तसलं नव्हतं. वडील इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे. अमेरिकेतल्या थोरल्या भावानं त्यांच्यासाठी अर्ज केला आणि भावंडांच्या कोट्यातला नंबर लागायला दहा-बारा वर्षं गेली. कुटुंब आलं तेव्हा ही नऊ वर्षांची. आता वडील पेट्रोल पंपाच्या दुकानात रात्रपाळी करतात, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. वडील नागरिक झाले तेव्हा ही अठराच्या आतली होती, त्यामुळे कायद्यानं तीही आपोआप नागरिक झाली.

हा कागदी तपशील मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कमी उत्पन्नाच्या घरातल्या पदवी विद्यार्थ्यांना केंद्र सरकार पेल ग्रँट देतं. त्या वर्षी तिची कमाल रक्कम ६,०९५ डॉलर होती, आणि हिला ती पूर्ण मिळत होती. पेल मिळत असेल तरच परदेशी अभ्यासासाठीच्या सरकारी गिलमन शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, आणि गिलमनला नागरिकत्व लागतं. नोकरीच्या एच-वन व्हिसावरच्या आईबापांबरोबर भारतातून आलेल्या मुलांना किंवा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना हे दोन्ही दरवाजे बंद. मराठी पालकांच्या गप्पांत या शिष्यवृत्तीचं नाव निघत नाही त्याचं कारण बहुधा हेच. ज्यांच्या मुलांना ती मिळू शकते ते पालक त्या गप्पांत नसतात, रात्रपाळीला असतात.

स्पॅनिशच का? ती परिचारिका व्हायच्या वाटेवर होती आणि शनिवारी एका मोफत दवाखान्यात मदतीला जायची. तिथं निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलणारे. एका बाईंना गोळ्या दिवसातून कितीदा घ्यायच्या ते नीट सांगता आलं नाही, म्हणून तिनं कागदावर सूर्य आणि चंद्र काढून दाखवले होते. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. पहिल्या भेटीत तिचं उत्तर होतं, "मला प्रवासाची आवड आहे."

पैसा कुठे आहे आणि कुठे नाही

स्पॅनिश शिकणाऱ्याची एक विचित्र अडचण असते. परकीय भाषा शिकण्यासाठी अमेरिकी सरकार जो भरभक्कम पैसा देतं, त्यातला बराचसा स्पॅनिशला मिळत नाही. १९५७ मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला, त्याच्या धसक्यानं पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला, आणि तेव्हापासून इथं भाषेचा पैसा 'देशाला कुठल्या भाषेचे जाणकार कमी पडतात' या हिशेबानं वाटला जातो. उन्हाळ्यात विद्यार्थ्याला जवळजवळ फुकट परदेशी पाठवणारी क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप अरबी, चिनी, रशियन, हिंदी, उर्दू, बांग्ला यांसाठी आहे. स्पॅनिशसाठी नाही. देशात चार कोटींहून जास्त लोक घरी जी भाषा बोलतात, तिचे जाणकार कमी कसे पडतील?

मराठी त्याही यादीत नाही. पण अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्यात मराठीचे वर्ग चालवते आणि उन्हाळ्यात अमेरिकन विद्यार्थी तिथं 'च' आणि 'ज' चे दोन-दोन उच्चार घोटतात. हे ऐकून ती इतकी हसली की तिचा ताण थोडा सैल झाला. "म्हणजे मला फुकटात आजीकडे जायला मिळालं असतं?"

नसतं मिळालं. जी भाषा येते ती शिकायला कोण पैसे देईल?

स्पॅनिशसाठी उरतं ते असं: गिलमन, जिला भाषेचं बंधन नाही आणि जी ५,००० डॉलरपर्यंत देते, सिग्मा डेल्टा पी ही १९१९ मध्ये बर्कलीत सुरू झालेली स्पॅनिश विद्यार्थ्यांची मानाची संस्था, जी आपल्या सदस्यांना उन्हाळी अभ्यासासाठी पुरस्कार देते, आणि प्रत्येक विद्यापीठाच्या भाषा विभागाकडे असलेले छोटे-मोठे निधी. सिग्मा डेल्टा पीचं सदस्य व्हायला वरच्या वर्गातला स्पॅनिशचा अभ्यास झालेला लागतो. ही दुसऱ्या वर्षात होती, त्यामुळे ते नाव खोडलं. विभागाच्या निधीची मुदत आठ दिवसांवर होती आणि गिलमनची मार्चच्या सुरुवातीला. तिनं ऑक्टोबरमध्ये यायला हवं होतं. तेव्हाही गिलमनची एक फेरी असते. पण ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचा विचार ज्यांच्या घरी कुणीतरी आधी गेलेलं असतं ती मुलं करतात.

सालामांका की क्वेन्का

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं. १४९२ मध्ये नेब्रिहा या पंडितानं स्पॅनिशचं पहिलं व्याकरण तिथंच छापलं. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात एका कवटीवर बसलेला बेडूक आहे, आणि तो ज्या विद्यार्थ्याला न सांगता सापडतो तो परीक्षेत पास होतो अशी समजूत आहे. तिला हे सगळं पाठ होतं. त्या बेडकाबद्दल बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं, आणि मी पुढे जे केलं त्याबद्दल थोडं अवघडल्यासारखंही होतं.

मी तिच्यासमोर दुसरं पत्रक ठेवलं: इक्वाडोरमधलं क्वेन्का, पाच आठवडे, सहा क्रेडिट (म्हणजे पदवीत धरले जाणारे अभ्यासाचे एकक), एका कुटुंबात राहणं-जेवणं, आठवड्यातून एक दिवस आरोग्य केंद्रात. खर्च ४,२०० डॉलर. सालामांकाचा तेवढ्याच क्रेडिटचा कार्यक्रम विमान सोडून ७,००० च्या वर जात होता. शिवाय इक्वाडोरनं २००० सालापासून अमेरिकी डॉलरच आपलं चलन केलं आहे, त्यामुळे विनिमयाच्या दराची धाकधूक नाही.

एक कारण मी मोकळेपणानं सांगितलं, पण हळू आवाजात. २०१८-१९ या वर्षात अमेरिकेतून सुमारे ३ लाख ४७ हजार विद्यार्थी परदेशी शिकायला गेले, आणि ब्रिटन, इटली, स्पेन ही त्यांची नेहमीची तीन ठिकाणं. मुलांनी याच वाटा तुडवू नयेत, निरनिराळ्या देशांत जावं, हा गिलमनचा जाहीर हेतू आहे. स्पेनला कुणी नाही म्हणत नाही, पण 'स्पेनच का' हे पटवायला निबंधात जागा जाते. क्वेन्काच्या अर्जात तीच जागा दवाखान्याला देता आली असती.

ती म्हणाली, "म्हणजे जिथं पैसे मिळतात तिथं जायचं?"

मी हो म्हटलं. आजही हेच म्हणेन, पण तो प्रश्न चुकीचा होता असं म्हणणार नाही.

अँटिग्वा, ग्वाटेमाला इथल्या एकास-एक शिकवणाऱ्या शाळांचाही विचार झाला. त्या फारच स्वस्त असतात आणि शिकवतातही छान. पण आमच्या विद्यापीठात त्यांचे क्रेडिट धरले जात नव्हते. क्रेडिट नाही म्हणजे उन्हाळी पेल नाही. स्वस्त शाळा अशी महाग पडते, हे गणित पालकांना समजावणं सगळ्यात अवघड.

वडिलांचा फोन

वडिलांनी मला दुकानातून, रात्री पावणेअकराला फोन केला. आधी निरोप होता, "मॅडम, जरा बोलायचं होतं, तुमची झोपमोड होणार नसेल तर."

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "स्पॅनिश शिकायला देश कशाला सोडायचा? माझ्या दुकानात या. रात्री दहानंतर सगळे स्पॅनिशच बोलतात. मी सुद्धा शिकलो की थोडं. कुआंतो, ग्रासियास, माञाना."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही काउंटरच्या अलीकडे उभे राहून शिकलात. तिला पलीकडे उभं राहावं लागेल."

ते गप्प झाले. मग त्यांनी खरं काय ते काढलं: उन्हाळ्यात ती किराणा दुकानात आठवड्याला पस्तीस तास काम करायची, ताशी ११ डॉलरनं, आणि त्यातले काही पैसे घरभाड्यात जायचे. येणंजाणं धरून ती सहा आठवडे गेली तर २,३१० डॉलर येणार नाहीत. "शिष्यवृत्तीवाले हे देतात का?"

देत नाहीत. शुल्क, राहणं, जेवण, विमान, विमा, पुस्तकं या सगळ्याला अर्जात रकाने आहेत. न मिळालेल्या मजुरीला रकाना नाही. इतकी वर्षं हे काम करूनही हा प्रश्न मला एका बापानं रात्री पावणेअकराला विचारावा लागला.

निबंध

पहिला मसुदा वाचून मी तो परत दिला. 'लहानपणापासून मला वेगवेगळ्या संस्कृतींचं आकर्षण' या वाक्यानं सुरू होणारे अर्ज मी इतके वाचले आहेत की निवड करणाऱ्यांची मला दया येते. दुसऱ्या मसुद्यात गरिबी होती, भरपूर. तोही परत. गरिबी पेलच्या कागदातून कळतेच, निबंधात पुन्हा कशाला?

तिसऱ्या वेळी सूर्य आणि चंद्राची गोष्ट आली. त्यानंतर मी दुरुस्तीला पेन उचललं नाही.

गिलमनचा दुसरा भाग असतो परत आल्यावर करायच्या कामाचा. तिनं आधी लिहिलं की ती एक मोठं संमेलन भरवेल. मी विचारलं, खोली कुठली, खुर्च्या कुठून, तारीख कुठली? मग ते आकसून असं झालं: आपल्या जुन्या हायस्कूलमध्ये दोन दुपारी जायचं, आणि पेल मिळू शकेल अशा मुलांना पासपोर्टचा अर्ज प्रत्यक्ष भरायला मदत करायची. कारण ती अडकली होती तिथेच. अमेरिकी पासपोर्ट तिच्याकडे नव्हताच, आणि त्याचे १४५ डॉलर हा या सगळ्यातला पहिला खर्च होता, कुठलीही शिष्यवृत्ती हातात पडायच्या आधीचा.

जिथं सगळं अडलं

मे महिन्यात कळलं: गिलमनचे ३,००० मिळाले. विभागाचे ७५० आधीच मंजूर होते. उन्हाळ्यातली पेल २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. वर्षाची पूर्ण रक्कम वापरून झाली असली तरी उन्हाळ्यात निदान अर्धवेळ नाव नोंदवलं तर आणखी मिळते. सहा क्रेडिट म्हणजे बरोबर अर्धवेळ, त्याचे साधारण १,५२४. एकूण ५,२७४. विमान वगैरे सगळं धरून खर्च होता ५,७००. पोहोचलोच, असं वाटलं.

चार दिवसांनी आर्थिक मदत कार्यालयाच्या संगणकानं विभागाचे ७५० रद्द केले आणि पेलसमोर प्रश्नचिन्ह टाकलं. कारण दिलं: मदत खर्चापेक्षा जास्त.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. एखाद्या विद्यार्थ्याला मिळणारी मदत त्याच्या शिक्षणाच्या ठरवलेल्या खर्चापेक्षा जास्त असू शकत नाही, हा नियम. आता हा 'ठरवलेला खर्च' कुठला? यंत्रणेनं घरी राहून उन्हाळ्यात सहा क्रेडिट घेणाऱ्या विद्यार्थिनीचा खर्च धरला होता. त्यात विमान नव्हतं, इक्वाडोरमधलं घर नव्हतं. संगणकाच्या लेखी ही मुलगी आईवडिलांच्या घरी झोपत होती आणि तीन हजार डॉलर खिशात घालत होती.

कायद्यात याची तरतूद आहे. परदेशी अभ्यासाचा वाजवी खर्च या रकमेत धरता येतो. पण तो आपोआप धरला जात नाही, कुणीतरी मागावं लागतं, आणि मागायचं असतं हे मुलांना ठाऊक नसतं. आम्ही कार्यक्रमाचं पत्रक, विमानाचा भाव, लसींची पावती असं सगळं जोडून अर्ज दिला. वर आणखी एक कागद राहिला होता: कार्यक्रम दुसऱ्या संस्थेचा असल्यानं दोन संस्थांमधला करार, ज्याला आम्ही कन्सोर्टियम म्हणतो, तो सहीशिवाय कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. सही करणाऱ्या बाई सुट्टीवर.

त्या नऊ दिवसांत विमानाचं तिकीट ७८० वरून ८७० वर गेलं. मी ज्या ५,७०० चा उल्लेख केला त्यात हे वाढलेलं तिकीटच धरलं आहे. ७५० डॉलर परत आले, पेलही मोकळी झाली. पण ४२६ कमी पडत होते, आणि मजुरीचे २,३१० वेगळेच.

ते भरले आईच्या भिशीनं. शाळेतल्या आणि ओळखीतल्या दहा बायका, महिना दीडशे डॉलर. हिच्या आईचा नंबर ऑक्टोबरात होता. जूनचा नंबर ज्यांचा होता त्यांनी तो बदलून दिला, व्याज न घेता, एका डब्याच्या बदल्यात. आईनं मला फोनवर सांगितलं, "ताई, पुरणपोळीचं कर्ज आहे आता डोक्यावर." दीड हजार आले. माझ्या फाईलमध्ये याची नोंद 'इतर मदत' अशी आहे.

क्वेन्का

ग्वायाकिल शहराच्या उकाड्यातून बसनं निघालं की काहास राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्यानं चार हजार मीटरच्या वर चढावं लागतं आणि मग अडीच हजार मीटरवरच्या क्वेन्कात उतरायचं. उन्हाळी शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलीनं पहिला निरोप पाठवला तो असा: "मावशी, इथं थंडी आहे. स्वेटर विकत घेतला." मॅडमची मावशी कधी झाले ते कळलं नाही.

तिचे बाकीचे निरोप मला प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाचे वाटतात, कारण मराठी येणाऱ्याला स्पॅनिश शिकताना काय फुकट मिळतं याची ती एक यादीच आहे. 'त' आणि 'द' दातांवर आपटून म्हणायचे, जे तिच्या अमेरिकन मैत्रिणींना महिनाभर जमलं नाही. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं'. वर्गात यावर दोन दिवस गेले, तिला एक सेकंदही लागला नाही. 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे तू आणि तुम्ही. 'पागार' म्हणजे पैसे देणं, आणि आपला पगार पोर्तुगीजांच्या त्याच शब्दावरून आलेला. 'खाबोन' म्हणजे साबण, 'यावे' म्हणजे चावी. गोव्यावरून आलेले शब्द तिला अँडीजमध्ये भावंडांसारखे भेटत होते.

पण सगळ्यात मोठी गंमत पुस्तकात नव्हती. घरमालकीणबाई म्हणायच्या, 'दामे त्रायेंदो एल पान.' शब्दशः, पाव आणत मला दे. माद्रिदमध्ये असं कुणी म्हणत नाही. इक्वाडोरच्या डोंगराळ भागात तिथल्या मूळच्या किचवा भाषेच्या प्रभावानं स्पॅनिशनं हे वळण घेतलं आहे, आणि त्यानं आज्ञा सौम्य होते. तिनं लिहिलं, "मावशी, हे तर 'आणून दे' आहे!" खरंच आहे. 'आण' पेक्षा 'आणून दे' मध्ये जी थोडी विनंती असते, तीच ही. सालामांकाला गेली असती तर हे तिला भेटलं नसतं. बेडूक भेटला असता.

जूनच्या अखेरीस, कॉर्पस क्रिस्तीच्या सणात, कॅथीड्रलभोवती सात दिवस मिठायांची दुकानं लागतात. तिथं तिनं घरी पाठवण्यासाठी काढलेल्या फोटोंत आरोग्य केंद्र एकदाही नाही, फक्त मिठाई आहे. मला ते बरं वाटलं.

नंतर

अ‍ॅक्टफल या भाषाशिक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या मापानं ती जाताना 'मध्यम-निम्न' होती, आल्यावर 'मध्यम-मध्यम'. एक पायरी. पाच आठवड्यांत मूल अस्खलित होऊन येतं असं जाहिरातीत म्हणतात, कागदावर तसं होत नाही. दवाखान्यात आता ती गोळ्यांचं सांगू शकते, निदानाचं नाही. आणि आपल्याला कुठवर येतं हे तिला कळतं, ज्याला मी त्या एका पायरीपेक्षा जास्त मोल देते.

हायस्कूलमधल्या दोन दुपारींपैकी एकच झाली. अकरा मुलं आली, सहा जणांनी अर्ज पुरा भरला. दुसऱ्या दुपारी तिला दुकानात पाळी होती. कारण जुलैच्या मध्यात परत आल्यापासून ती आठवड्याला पन्नास तास काम करत होती, भिशीचे हप्ते आणि राहिलेली मजुरी भरून काढायला. सप्टेंबरमध्ये शरीररचनाशास्त्राची पहिली चाचणी तिला वाईट गेली. पुढच्या वसंतात कराचा फॉर्म भरताना आणखी एक गोष्ट कळली, ती मी तिला आधी सांगायला हवी होती: शिष्यवृत्तीचा जो भाग शुल्क आणि पुस्तकं सोडून राहण्यावर किंवा विमानावर जातो, तो करपात्र उत्पन्न धरला जातो. तिच्या कमाईत कर लागला नाही, पण छातीत धस्स व्हायचं ते झालंच.

आमच्या कार्यालयात पहिल्या भेटीला मुलांकडून एक पानी माहिती भरून घेतात. वर देश, खाली भाषा, मग तारखा. त्या हिवाळ्यात मी 'तारखा'च्या खाली एक ओळ वाढवली: या आठवड्यांत तू एरवी किती कमावतेस किंवा कमावतोस, आणि त्यातलं घरी किती देतोस? फॉर्म माझाच आहे, त्यामुळे कुणाची परवानगी लागली नाही. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं तिथं आकडा लिहिला, खोडला, आणि विचारलं, हे खरंच भरायचं का.